‘डॉक्टर हू’ ऐकायचे, तर सुरुवात कोठून करावी?
१९६३ पासूनच्या ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी विज्ञानकथा-मालिकेवरची श्राव्यनाट्ये ऐकू पाहणारी माझी भाची अडली आहे: बिग फिनिश या श्राव्यनाट्ये काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीची १९९९ मध्ये सुरू झालेली मासिक मालिका घ्यावी, की तिचीच २००७ पासूनची ‘कम्पॅनियन क्रॉनिकल्स’? पहिलीतील कथा साधारण दोन तासांची, दुसरीतील तासाभराची. मासिक मालिकेत पूर्ण नटसंच असल्याने आवाज ओळखत राहावे लागते. पण ‘द चाइम्स ऑफ मिडनाइट’मध्ये (२००२) जुन्या इंग्रजी घरातील घड्याळाचे ठोके पडू लागतात आणि नोकरचाकरांचे आवाज भोवती दाटतात, तेव्हा त्या श्रमांचे चीज होते. क्रॉनिकल्समध्ये डॉक्टरचा, म्हणजे काळातून प्रवास करणाऱ्या नायकाचा, जुना सहप्रवासी बहुधा एका जोडीदार आवाजासह गोष्ट सांगतो; मात्र त्या पात्राशी ओळख नसेल तर निम्मी गोडी हरवते. म्हणून नवख्या श्रोत्याने रात्रीच्या शांततेत मासिक मालिका ऐकावी. दूरचित्रवाणीवरील जुने भाग पाहिलेल्याला रोजच्या प्रवासासाठी क्रॉनिकल्स योग्य.