ओपिनेल नंबर ८: कार्बन घ्यावा की इनॉक्स?

ओपिनेल, म्हणजे लाकडी मुठीचा तो फ्रेंच मिटणारा चाकू, घ्यायचा हे ठरलंय, फक्त पातं साध्या कार्बन पोलादाचं की इनॉक्सचं (म्हणजे स्टेनलेसचं) यावर घोडं अडलंय, अशांसाठी हे. बाकी दोघांत निवडण्यासारखं काही नाही. पातं तेच साडेआठ सेंटिमीटरचं, मूठ तीच बीचची, उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी, १९५५ पासून चालत आलेली फिरती कडीही तीच. फरक पोलादाचा. कार्बनच्या पात्यात सुमारे ०.९ टक्के कार्बन आणि क्रोमियम जवळपास नाहीच. इनॉक्स म्हणजे सँडविकच्या १२सी२७ जातीचं पोलाद, त्यात कार्बन कमी आणि क्रोमियम भरपूर.

नवा चाकू खोक्यातून काढून लगेच कागद कापला तर परीक्षा कारखान्याच्या धारेची होते, पोलादाची नाही. आधी दोन्ही पात्यांना एकाच १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याचं माप, आकडा मोठा तितका दाणा बारीक) दगडावर धार लावा. पात्याची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश वर धरली की २० अंशांचा कोन मिळतो, कोनमापक लागत नाही. आणि कापायला घेण्याआधी कडी फिरवलेली आहे ना, ते बघा. कागदाच्या नादात हेच राहून जातं.

पहिली परीक्षा वर्तमानपत्राची. पान उभं सरळ फाटतं, आडवं वेडंवाकडं, कारण तंतू उभे बसलेले असतात. म्हणून पातं आडवं चालवायचं, मुठीपासून टोकापर्यंत, सावकाश. कुठे अडखळलं तर त्याच जागी धार वळली आहे किंवा दात पडला आहे, तो भाग दिव्याखाली चमकताना दिसतो. पावसाळ्यात उघडं पडलेलं वर्तमानपत्र मात्र घेऊ नका. ते सर्दावून लोळतं आणि चांगल्या पात्यालाही नापास करतं.

इथवर दोघंही पास, कदाचित इनॉक्स थोडा वरचढच. पण माझा इनॉक्सवरचा राग इथूनच सुरू होतो. दगडावर घासताना धारेच्या पलीकडच्या अंगाला धातूची बारीक झालर येते, वर्कशॉपमध्ये तिला 'बर' म्हणतात. कार्बनच्या पात्यावर ही बर ठिसूळ निघते. शेवटचे चार-पाच हात आलटून पालटून, अगदी हलके, आणि मग जुन्या चामडी पट्ट्यावर दहा-बारा वेळा ओढलं की गेली. इनॉक्सची बर चिवट. या अंगाने घासली की त्या अंगाला लवते, त्या अंगाने घासली की परत इकडे. तुटत नाही, नुसती कूस बदलते. आणि ही उभी राहिलेली बर कागद फार छान कापते! गाफील माणूस खूश होऊन चाकू मिटतो, दोन टोमॅटो आणि एक कांदा झाला की बर आडवी पडते आणि 'काल तर लावली होती धार' असं म्हणायची वेळ येते.

बर राहिली आहे का, हे कागद सांगणार नाही, कापूस सांगेल. कापसाचा बोळा पात्याच्या कडेवरून, कापण्याच्या दिशेने नव्हे तर पाठीकडून धारेकडे, दोन्ही अंगांनी फिरवा. ज्या अंगाला तंतू अडकले त्या अंगाला बर. इनॉक्सला तेव्हा पाठ किंचित जास्त उचलून एकेका अंगाला दोन-तीन अलगद हात द्यायचे आणि मग पट्टा. जोर लावलात तर नवी बर तयार. जमतं, पण दर वेळी ही मिनतवारी.

टोमॅटो वेगळाच प्रश्न विचारतो. सालीवर पातं नुसतं टेकवून, न दाबता ओढायचं. आरशासारखी घोटलेली धार इथे घसरते. १००० ग्रिटवर थांबलेली, किंचित खरखरीत धार पकडते. त्यामुळे कागदावर पहिला आलेला चाकू इथे मागे पडला तर नवल नाही. टोमॅटोपेक्षाही कडक परीक्षक म्हणजे दुधाची रिकामी पिशवी. धुऊन, कोरडी करून एका हाताने लोंबती धरा. बोथट पातं प्लास्टिक ताणून कडेला पांढरं करतं, धारदार पातं सरळ आत शिरतं.

सुतळी आणि पुठ्ठा टिकाऊपणासाठी. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आडव्या वीस पट्ट्या कापा आणि परत वर्तमानपत्राकडे या. पुठ्ठ्यातली बारीक कचकच धार खाते, हे दोघांच्याही बाबतीत खरं. माझ्या हाताला दोघांत फार अंतर जाणवत नाही. पण पुन्हा धारेवर येताना कार्बनला पट्टाच बहुतेक वेळा पुरतो आणि इनॉक्सला दगड काढावा लागतो.

आता कार्बनचं उणं. कैरी, लिंबू, टोमॅटो कापून पातं तसंच ठेवलं की काळं-निळं पडतं, आणि पहिल्या काही दिवसांत फोडीला लोखंडाचा वास येतो. लोखंडी विळी वापरलेल्या घराला हे नवीन नाही. कापलं की पुसायचं, एवढंच. काळपट थर एकदा बसला की वासही कमी होतो. लाल गंज मात्र वेगळा. कोकणातल्या जुलैत उघडं पातं रात्रभरात ठिपके धरू शकतं. खोबरेलाचं एक बोट पुरतं. सूर्यफुलाचं तेल नको, ते हळूहळू चिकट होऊन मिटण्याच्या खाचेत धूळ धरतं. लाकूड फुगून पातं आत अडकण्याचा त्रास दोन्हींना सारखाच. मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकलं की पात्याचं टोक नखात येण्याइतकं वर येतं.

चाकू डब्यात, फळांबरोबर, ओल्या पिशवीत फिरणार असेल, किंवा घरात पुसून ठेवणारं कुणी नसेल, तर इनॉक्स घ्या, त्यात काही चूक नाही. धार स्वतः लावणार असाल तर मी कार्बनकडे झुकेन. आणि इनॉक्सच घेतलात तर दगडाबरोबर कापसाची गुंडाळीही आणा.