पोट साफ करायची पेग पावडर : औषध चांगलं, पाण्याचं माप चुकू नये

मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनआधी हल्ली बहुतेक वेळा पेग पावडर (पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि क्षारांची, जुलाब होऊन पोट साफ करणारी) लिहून देतात. ‘पेगलेक’चं 137.15 ग्रॅमचं पाकीट बेळगाव, निपाणी, चिकोडीच्या मेडिकलमध्ये ओळखीचं आहे. आमच्या मते औषध भरवशाचं आहे. बिघडतं ते घरी कालवताना.

एका पाकिटाला पाणी 2 लिटर, ना कमी ना जास्त. तांब्याचा अंदाज नको. एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणा, स्वच्छ पातेल्यात ओता आणि तळाला कण राहणार नाही इतकं ढवळा. चव खारट, थोडी बुळबुळीत. ती लवकर संपावी म्हणून कुणी एकाच लिटरात कालवतं. तिथेच फसतं. यातले क्षार 2 लिटरच्या हिशेबाने घातलेले असतात, म्हणून शरीरातलं पाणी फारसं ओढलं जात नाही. घट्ट केलं की तोल जातो, मळमळ आणि उलटी होते.

साखर किंवा गूळ अजिबात नको. साखरेबरोबर आतडं मीठ-पाणी शोषून घेतं. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी देतात ते याचसाठी. इथे तर पाणी बाहेरच जायला हवं. लिंबाचे चार थेंब चालतात. गार करून प्यायलं की चव बरीच दबते.

डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला सुरू करा. दर 10-15 मिनिटांनी 250 मिलिलिटरचा एक ग्लास, म्हणजे आठ ग्लासांना दीड-दोन तास. मळमळलं तर अर्धा तास थांबा, मग पुढे चालू. पहिली जुलाब साधारण तासाभरात होते, त्यामुळे खानापूरहून बेळगावला ॲडमिट व्हायला निघायचं असेल तर एसटीत बसायच्या आधी पिऊ नका. शेवटी लिंबूपाण्यासारखं फिकट पिवळं, गाळ नसलेलं पाणी आलं पाहिजे. तपकिरी गढूळ येत असेल तर वॉर्डात सांगा, लपवू नका.

आदले दोन-तीन दिवस ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी बंद. मऊ भात, गाळलेलं वरण, ताक चालेल. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारं प्या : कोरा चहा, गाळलेलं सरबत, शहाळं. दुधाचा चहा नको, आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेला कुंदा ऑपरेशननंतरच. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी शहाळंही विचारूनच घ्यावं. मधुमेहाच्या आणि लघवीच्या गोळ्यांचं आधीच विचारून ठेवा.

सोबत अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहिल्या असतील तर वेळ चुकवू नका. नुसतं पोट धुऊन जखमेचा संसर्ग कमी होत नाही, गोळ्यांची जोड लागते.

पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होतायत, अशा वेळी पाकीट फोडूच नका. आतड्यात अडथळा असू शकतो. आधी डॉक्टरांना फोन करा.

पाकिटावर मराठीत सूचना असत्या तर बरं झालं असतं. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मेडिकलवाल्याकडूनच पाण्याचं माप आणि वेळ चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या.