पीएमएस५००३: सीएफ-१ घ्यायचा की वातावरणीय आकडा?

प्लँटॉवर कंपनीचा हा हवेतले कण मोजणारा सेन्सर दर वेळी ३२ बाइटांची फ्रेम (माहितीचा संच) पाठवतो आणि तीत पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण) दोनदा येतो: आधी सीएफ-१, म्हणजे प्रमाण कणांवर बेतलेला आकडा, मग वातावरणीय, म्हणजे बाहेरच्या हवेसाठी बदललेला. हवा स्वच्छ असताना, साधारण घनमीटरला ३० मायक्रोग्रॅमपर्यंत, दोन्ही आकडे सारखेच दिसतात. म्हणून चुकीचा आकडा घेतला तरी पावसाळ्यात लक्षातच येत नाही. हिवाळ्यात धूर साचला की वातावरणीय आकडा सीएफ-१च्या सुमारे दोन-तृतीयांशावर उतरतो.

नावावरून बाहेरच्या हवेसाठी वातावरणीय योग्य वाटतो. पण पुढच्या सूत्राने आकड्याची दुरुस्ती करायची असेल तर सीएफ-१च साठवा. अमेरिकेच्या ईपीएचे (पर्यावरण संरक्षण संस्थेचे) २०२१मध्ये प्रसिद्ध झालेले सूत्र त्यावरच बेतले आहे: ०.५२४ × सीएफ-१, वजा ०.०८६२ × आर्द्रता टक्के, अधिक ५.७५. सीएफ-१ १५० आणि आर्द्रता ६० असेल, तर उत्तर ७९ येते. त्याच क्षणाचा वातावरणीय १०० चुकून घातला तर ५३. भारताची २४ तासांची मर्यादा ६० आहे, म्हणजे निष्कर्षच उलटतो! सूत्र अमेरिकेतल्या नोंदींवरचे आहे, त्यामुळे आपल्याकडे जवळच्या सरकारी केंद्राशी काही आठवडे ताडून पाहाच.

वातावरणीय आकडा नुसता कल पाहायला पुरतो.

पंखा सुरू झाल्यावरची पहिली ३० सेकंदे दोन्हींतून वगळा. धुक्यात थेंबही कण म्हणून मोजले जातात. पीएम १०वर (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) मात्र, सीएफ-१ असो वा वातावरणीय, विसंबू नका. रस्त्याची जाड धूळ या सेन्सरला नीट दिसत नाही.