पृथ्वीशास्त्राची छापील पानं, आठ महिने आणि घरभर धोंडे

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा उघडायच्या तोंडावर, मी ४४९ रुपये भरून एक पीडीएफ विकत घेतली. बहात्तर पानं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना घरच्या घरी पृथ्वीची ओळख करून द्यायची, छापा, कापा, चिकटवा पद्धतीने. खडक, माती, पाणी, हवामान, भूकंप, ज्वालामुखी, चंद्राच्या कला, सगळं त्यात. आता फेब्रुवारी संपत आलाय. मोठी तिसरीत, धाकटा बालवाडीच्या मोठ्या गटात. घर जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात, शेत तापीच्या अंगाला. पैसे वसूल झाले का, असं विचाराल तर झाले. पण पानं जशीच्या तशी वापरली असती तर झाले नसते.

आधी छपाईचं सांगते, कारण पहिला फटका तिथेच बसतो. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत पानाला १० रुपये. बहात्तर पानं रंगीत म्हणजे ७२० रुपये, मुळात विकत घेतलं त्याच्या दीडपट. मी १४ पानं रंगीत काढली, बाकीची ५८ काळी-पांढरी, दोन रुपयांनी. २५६ रुपयांत भागलं. रंग भरायचं काम पोरांना मिळालं, तेही बरंच झालं. दुसरी गोची कागदाच्या मापाची. फाईल अमेरिकेतल्या लेटर मापाची होती, आपल्या ए-फोरपेक्षा जरा रुंद आणि आखूड. दुकानदाराने सवयीने पान कागदावर बसवून दिलं, म्हणजे सगळं थोडं आक्रसलं. चित्रांना काही फरक पडत नाही, पण पर्जन्यमापकाला चिकटवायची पट्टी होती, तीही आक्रसली. शिवाय ती इंचात. मी विकणाऱ्यांना ईमेल केला. तीन आठवड्यांनी ए-फोरची फाईल आली, पैसे न घेता. तोवर पावसाळा निम्मा सरला होता, आणि आम्ही जुन्या कंपासपेटीतली पट्टी बाटलीला चिकटवून मोकळे झालो होतो.

त्याच ईमेलसोबत 'मराठी आवृत्ती' म्हणून आणखी एक फाईल पाठवली होती. ती उघडू नका. भूपट्टांना, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांना, इंग्रजीत 'प्लेट्स' म्हणतात, तर त्यात 'ताटल्या' म्हटलंय. धाकटा दोन दिवस विचारत होता की भूकंपात कोणाच्या ताटल्या फुटतात.

संचातली कागदी चाकं फिरवायला पितळी टाचण्या सांगितल्यात, पाय फाकवून बसवायच्या. आमच्याकडे त्या मिळाल्या नाहीत. शर्टाचं बटण मागेपुढे लावून सुई-दोऱ्याने शिवलं, आठ महिने चाक फिरतंय. लॅमिनेशन फक्त तीन पानांना केलं: खडकचक्र, ढगांचे प्रकार आणि काठिण्याचा तक्ता. बाकीच्यांना रुंद चिकटपट्टी पुरते.

आता मूळ गोष्ट. पहिल्या पंधरा दिवसांत मी पानावर सांगितलेल्या क्रमाने गेले. आधी पान वाचायचं, रंगवायचं, मग प्रयोग. मातीच्या थरांचं पान निघालं. वर पालापाचोळा, मग काळसर माती, मग तपकिरी, खाली खडक, प्रत्येकाला इंग्रजी अक्षर. पोरांनी छान रंगवलं आणि दुसऱ्या दिवशी विसरली. मग शेजारच्या शेतात विहिरीचं खोलीकरण चालू होतं, तिथे यांनी दोघांना नेलं. काठापासून लांब उभं करून, हात धरून दाखवलं: वर काळी, मग पिवळट माती, मग मुरूम, आणि खाली काळा कातळ ज्याला सुरुंग लावावा लागतो. त्या रात्री मोठीने स्वतःहून पान काढलं आणि इंग्रजी अक्षरं खोडून 'काळी', 'पिवळी', 'मुरूम', 'कातळ' लिहिलं. तेव्हापासून आमचा क्रम उलटा झाला. आधी वस्तू हातात, मग पान. मुलांना दाखवायच्या आधी ते पान मी स्वतः एकदा वाचते, बस्.

मातीची बरणी हा संचातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला प्रयोग. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वरपर्यंत पाणी, झाकण लावून खळखळ हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती मात्र दिवसचे दिवस तरंगत राहते. आम्ही दोन बरण्या केल्या, एक तापीकाठच्या मातीची, एक आमच्या कपाशीच्या वावरातली. नदीकाठची दुसऱ्या सकाळी बरीच निवळली. काळ्या मातीचं पाणी चौथ्या दिवशीही गढूळच. सासूबाई येता-जाता बघत होत्या. म्हणाल्या, "काळी माटी पानी पेस नि फुगस." ही एका ओळीतली मांडणी संचाच्या दोन पानांपेक्षा सरस आहे. उन्हाळ्यात याच मातीला भेगा पडतात, त्यात धाकट्याचा हात कोपरापर्यंत जातो. आता त्याला कळतं की भेग म्हणजे पिऊन फुगलेली माती पुन्हा आक्रसली. आमच्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरावर पावसाळ्याआधी खारी माती का टाकत, काळी का नाही, हा प्रश्नही त्यातूनच निघाला. त्यावर सासूबाईंनी त्याला अर्धा तास समजावलं. मी मध्ये पडले नाही.

खडकांच्या भागाने आम्हाला आधी रडवलं आणि मग सर्वांत जास्त दिलं. पानावर अग्निजन्य, गाळाचा आणि रूपांतरित अशा तीन खोक्यांत खडकांची चित्रं कापून चिकटवायची. चित्रं परदेशातली. आणि आपल्या खान्देशात पायाखाली जवळपास सगळीकडे एकच खडक, बेसॉल्ट. पोरं नदीवरून पिशवीभर दगड आणायची, सगळे पहिल्याच खोक्यात. सासूबाईंचं सुरू, "एवढा धोंडा कसाले लयात वं?" शेवटी मला सुचलं की बाकीचे दोन खोके घरातच भरलेत. पाटा-वरवंटा आणि जातं म्हणजे बेसॉल्ट, बारीक कणांचा, कारण लाव्हा जमिनीवर येऊन भराभर थंड झाला. स्वयंपाकाचा ठिपक्यांचा ओटा ग्रॅनाइट, जमिनीखाली सावकाश थंड झालेला, म्हणून कण मोठे, डोळ्यांना दिसतात. मागच्या पडवीतली शहाबादी फरशी म्हणजे कर्नाटकातला चुनखडक, गाळाचा. देव्हाऱ्याखालचा संगमरवर म्हणजे चुनखडकच, दाबाने आणि उष्णतेने बदललेला. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. पाहुणे विचारतात, विचारू देत.

इथे एक सावध सूचना. पानावर लिहिलंय, खडूवर व्हिनेगर टाका, बुडबुडे येतील. आम्ही शाळेतला खडू घेतला, काही आलं नाही. धाकटा रुसला. आपले शाळेतले खडू बहुतेक जिप्समचे असतात, त्यांना व्हिनेगरने काही होत नाही. शहाबादीच्या तुटक्या तुकड्यावर टाका, किंवा अंड्याच्या टरफलावर, फसफस दिसेल. देव्हाऱ्याच्या संगमरवरावर टाकू नका, डाग पडतो. कसं कळलं ते विचारू नका.

काठिण्याचा तक्ता मात्र रोज वापरात आहे. फ्रेडरिक मोह्स यांनी १८१२ मध्ये एक ते दहाची ही मोजपट्टी मांडली: नख साधारण अडीच, तांब्याचं नाणं साडेतीन, काच साडेपाच, गारगोटी सात. आपल्या आजच्या नाण्यांत पोलाद असतं म्हणून आम्ही तांब्याची तार घेतली. त्या विहिरीच्या दगडांत मोठीला दोन पांढरे, चमकणारे खडे मिळाले होते. दोन्ही गारगोटी म्हणून तिने ठेवले. एकाने काचेवर ओरखडा उठला, दुसऱ्यावर मात्र खिळ्याने चरा पडला. दुसरा झिओलाइटपैकी निघाला. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर पाणी झिरपून असे स्फटिक तयार होतात, आणि जळगाव जिल्ह्यातले असे स्फटिक जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. दिवाळीच्या सुट्टीत सिन्नरचं गारगोटी संग्रहालय दाखवून आणलं. तिथल्या काचेपुढे मोठी शांतपणे म्हणाली, "असा माझ्याकडे आहे." तिचा हरभऱ्याएवढा आहे, पण आहे.

ज्वालामुखी. सगळ्या संचांत असतो तसा यातही शंकू, खायचा सोडा आणि व्हिनेगर. पोरं खूश. पण मग मोठीने विचारलं, आपला ज्वालामुखी आपण पाहिलाच नाही, त्याचा डोंगर कुठंय? याचं उत्तर संचात नाही, कारण आपल्याकडे शंकू नव्हताच. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब चिरा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पसरला, थरावर थर. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना डोंगराच्या पायऱ्या दिसतात ते हेच थर. या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि त्यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरूनच आलाय.

म्हणून आम्ही आमचा प्रयोग केला. बिस्किटांच्या खोक्याच्या झाकणाला लांब चीर पाडली. खालून मेंदीच्या कोनासारख्या पिशवीतून कणकेचा पातळ घोळ दाबला. तो चिरेतून वर आला आणि दोन्हीकडे पसरला. वाळू दिला. दुसऱ्या दिवशी हळद घालून दुसरा थर, तिसऱ्या दिवशी गेरू घालून. चौथ्या दिवशी मुंग्या आल्या आणि वासही, तेव्हा सुरीने आडवं कापलं. थर तर दिसलेच, पण चिरेत अडकून घट्ट झालेली एक उभी भिंतही दिसली, जिचा मी विचारच केला नव्हता. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेनंतर नंदुरबारकडे गेलो, तेव्हा शेतांमधून सरळ धावणाऱ्या अरुंद, भिंतीसारख्या टेकड्या दिसल्या. गाडीत मागून आवाज आला, "आई, कणकेची भिंत!" धुळे-नंदुरबार भागात अशा पुष्कळ भिंती आहेत. लाव्हा ज्या चिरांतून वर आला त्या चिरा तशाच गोठल्या, आणि आजूबाजूचा खडक झिजल्यावर उघड्या पडल्या.

पृथ्वीच्या अंतरंगाचं पान चुकीचं आहे, हे स्पष्ट सांगते. त्यात कवच बोटभर जाड आणि त्याखाली प्रावरण म्हणजे लालभडक उकळता रस. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. ९ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर जमिनीखालचं ३५ किलोमीटरचं कवच अर्धा मिलिमीटर येतं, म्हणजे पेन्सिलीची एक रेघ. आणि प्रावरण घन खडकाचं आहे, फक्त लाखो वर्षांच्या हिशोबात ते सावकाश सरकतं. हे पान पाहिल्यामुळेच अडावदजवळच्या उनपदेवला गेल्यावर धाकटा गोमुखातल्या कढत पाण्याला हात लावेना. खाली लाव्हा आहे म्हणे. पाणी फटींतून खोल जातं, तिथे दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी उष्णता वाढत जाते, आणि तापलेलं पाणी पुन्हा वर येतं, एवढंच. बाजूला आंघोळ करणाऱ्या आजोबांना पाहून त्याला ते पटलं.

काळाची पट्टीही बदलावी लागली. पानावर ४६० कोटी वर्षं एका आडव्या रेषेत बसवली आहेत, त्यात काही कळत नाही. आम्ही ४६ मीटर सुतळी घेतली, एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षं. आमच्या दारापासून गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. गिरणीकडून चालत यायला सुरुवात केली, तर आपला बेसॉल्ट आणि डायनासोरचा शेवट दाराला ६६ सेंटिमीटर उरले असताना, म्हणजे पायरीपाशीच. माणूस शेवटच्या तीन मिलिमीटरांत. गल्लीतली सहा पोरं सुतळीवर रांगेत चालली. गिरणीवाल्याने पीठ दळणं थांबवून पाहिलं.

पर्जन्यमापकाने मोठीचं गणित पक्कं केलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ऑगस्टमध्ये एका रात्री आमच्या बाटलीत ६२ मिलिमीटर भरले, आणि आमचं धाबं साधारण ४० चौरस मीटर. २४८० लिटर. पाचशेच्या पाच टाक्या जवळपास. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ तीन-चार दिवसांनी येतो. पन्हळीचं पाणी कुठे जातं, हे तिने यांना विचारलं. मार्चमध्ये पन्हळीखाली टाकी बसवायचं ठरलंय. बाटलीचा तळ गोल असेल तर आधी खडे टाकून शून्यापर्यंत पाणी भरून घ्या, नाहीतर आकडे चुकतात.

बाकीचं झटपट. ऋतूंची चार पानं आम्ही बाजूला ठेवली. बर्फ आणि लाल पानगळ इथे कोणी पाहिलीय? चंद्रकलांचं पान बरं आहे, पण क्रीमच्या बिस्किटांवर करायचं तर बिस्किटं उरत नाहीत. त्यातली कोर उभी काढलीय. परवा बीजेला दोघांना गच्चीवर नेलं, तर आपल्याकडची कोर होडीसारखी कललेली. धाकट्याने पान उलटसुलट फिरवून पाहिलं. भूपट्टांचं कोडं उत्तम, पण त्याला दोन पानं पुरे होती, आठ नकोत. ढगांचं पान जून ते सप्टेंबर दारावर होतं, या बाकीच्यांत तेवढंच खरं वापरलं गेलं.

शून्य सावलीचं पान संचात नाही. तिकडच्या अक्षांशावर सूर्य डोक्यावर येतच नाही, म्हणून नसेल. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस काठीची सावली नाहीशी होते, घड्याळात बारा नाही, साडेबाराच्या आसपास. ते पान मोठीने स्वतः आखलंय. काठी कुठे रोवायची यावरून सध्या दोघांचं भांडण चालू आहे.