फ्लोवेव्ह टँक, एडिनबर्ग: मॉडेल बुडालं तरी पैसे वसूल

लाटांवर वीज काढणारं आमच्या कंपनीचं छोटं मॉडेल घेऊन आठवडाभर एडिनबर्ग युनिव्हर्सिटीच्या फ्लोवेव्हला होतो. गोल टँक, २५ मीटर व्यास, २ मीटर पाणी, कडेने लाटा उठवणारे १६८ पॅडल, त्यामुळे लाट हव्या त्या दिशेने सोडायची आणि समोरचे पॅडल ती गिळून टाकतात, परत फिरून रीडिंग बिघडवत नाही, शिवाय पाण्याचा प्रवाहही सोडता येतो. एकदम भारी! दुसऱ्याच दिवशी मॉडेलमध्ये पाणी शिरलं, चूक आमचीच, ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) नीट बसली नव्हती. तर त्यांनी टँकचा तळच वर उचलला, आम्ही बूट घालून चालत मॉडेलपाशी. स्टीफन सॉल्टर सरांनी ७०च्या दशकात ‘डक’ हे लाटांवर वीज काढणारं यंत्र याच युनिव्हर्सिटीत बनवलेलं, त्यामुळे लाटांचं काम इथं मुरलेलं आहे. पुढच्या खेपेला ओ-रिंगची दोन पाकिटं नेणार.