सदर, नागपूर: सिस्टर्सचं (ख्रिस्ती नन्सचं) मदत-साहित्य संकलन केंद्र

युद्धात, दंगलीत घर सुटलेल्यांसाठी काही द्यायचं असेल तर हे केंद्र उत्तम. कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच न्या. पावसाळ्यात किंचित ओल राहिली तरी बंद गोणीत बुरशी धरते आणि अख्खी गोणी वाया जाते. औषधांची मुदत किमान १ वर्ष शिल्लक हवी, कारण निवड आणि प्रवासातच बराच वेळ जातो. कापलेल्या स्ट्रिपा घेत नाहीत, हे योग्यच. सॅनिटरी पॅड नेहमी कमी पडतात, ते आवर्जून द्या. मदतीला कुणाची बाजू विचारली जात नाही, अहिंसेचा खरा कस इथेच लागतो. १९७१च्या युद्धानंतर मदर तेरेसांच्या सिस्टर्स ढाक्यात अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी गेल्या, तोच हा वारसा. गोणीवर आकार आणि वयोगट लिहिलात तर वाटप सोपं होतं.