शंभर लहान क्लिपांचं काम: रिझॉल्व्ह, शॉटकट, फायनल कट, लॉसलेसकट की फोन?

शाळेचं स्नेहसंमेलन किंवा विसर्जन मिरवणूक झाली की चार-पाच जणांच्या फोनमधून शंभर-सव्वाशे क्लिपा गोळा होतात. त्यांतून रील किंवा शॉर्ट बनवायचा म्हटला तर हाती जास्तीत जास्त तीन मिनिटं असतात. हिशेब करून बघा. १२० क्लिपा, सरासरी १२ सेकंदांच्या, म्हणजे २४ मिनिटांचं फुटेज. तीन-तीन सेकंदांचे तुकडे घेतले तर तीन मिनिटांत ६० तुकडे बसतात. या कामात कट मारायला वेळ लागत नाही, तो जातो बघण्यात आणि टाकून देण्यात. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना इफेक्टची यादी बाजूला ठेवा. क्लिपा ठेवायची खिडकी किती चटकन बघू देते, हे आधी तपासा. खालची तुलना त्याच कसोटीवर आहे.

आधी एक पथ्य, कारण ते पाळलं नाही तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये क्लिपांचा क्रम बिघडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिपा नेहमीच्या व्हिडिओसारख्या मागवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप दाबून लहान केलेली असते आणि तिचं नावही बदलतं. व्हीआयडी-तारीख-डब्ल्यूए०००७ अशा नावात तारीख असते, वेळ नसते. मूळ नाव टिकलं तर बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या फाइलनावात तास-मिनिट-सेकंदही मिळतात आणि नावानुसार लावलं की कार्यक्रम आपोआप क्रमाने लागतो. मात्र पिक्सेल फोन नावात जागतिक वेळ घालतो, भारतीय वेळ नाही. त्यामुळे संध्याकाळी सातचं नृत्य दीडच्या नावाने येतं. आयफोनच्या नावात वेळच नसते, फक्त अनुक्रमांक असतो. म्हणून प्रत्येक फोनचं फोल्डर वेगळं ठेवा आणि ती फोल्डरं सरमिसळ न करता सॉफ्टवेअरमध्ये आणा.

डाविंची रिझॉल्व्ह: सगळ्या क्लिपांची एक पट्टी

रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत ‘कट’ नावाचं पान आहे. २०१९ साली १६व्या आवृत्तीबरोबर ते आलं. बरेच जण ते ओलांडून थेट ‘एडिट’ पानावर जातात, पण लहान क्लिपांसाठी खरी सोय इथेच आहे. व्ह्यूअरच्या वर ‘सोर्स टेप’चं बटण आहे. ते दाबलं की बिनमधल्या, म्हणजे क्लिपा ठेवायच्या खिडकीतल्या, सगळ्या क्लिपा एकामागून एक जोडलेल्या एकाच लांब पट्टीसारख्या दिसतात. एकेक क्लिप उघडायची-मिटायची गरज राहत नाही. ‘एल’ दाबा, पट्टी चालू होते. पुन्हा ‘एल’ दाबलं की वेग वाढतो. ‘के’ने थांबते, ‘जे’ने मागे जाते. हवा तो क्षण आला की ‘आय’, तो संपला की ‘ओ’, मग शिफ्ट-एफ१२. तुकडा टाइमलाइनच्या, म्हणजे निवडलेल्या तुकड्यांच्या रांगेच्या, शेवटाला जाऊन चिकटतो आणि तुम्ही पट्टीवर पुढे निघता. हात कीबोर्डवरच राहतो, माउस लागत नाही.

याच पानावर ‘फास्ट रिव्ह्यू’ आहे. त्यात लांब क्लिपा जास्त वेगाने पळतात आणि छोट्या कमी वेगाने, त्यामुळे चार सेकंदांची क्लिप डोळ्यासमोरून निसटून जात नाही. टाइमलाइनही दोन दिसतात. वर पूर्ण फिल्म, खाली जिथे काम चाललंय तो भाग मोठा करून. लॅपटॉपच्या पडद्यावर सतत झूम आत-बाहेर करण्याचा त्रास यामुळे वाचतो.

आता अडचणी. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, पहिल्या क्लिपा आत घेण्याआधीच ठरवा, कारण मीडिया आत आल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही. उभी रील करायची असेल तर रिझोल्यूशनही त्याच वेळी १०८० बाय १९२० करून टाका. दुसरं म्हणजे, प्रोजेक्ट फाइल म्हणून फोल्डरमध्ये राहत नाही, रिझॉल्व्हच्या स्वतःच्या लायब्ररीत राहतं. ते बाहेर काढून मित्राला दिलं तरी सोबत क्लिपा जात नाहीत, आणि क्लिपांचं फोल्डर हलवलं की टाइमलाइनभर लाल ‘मीडिया ऑफलाइन’ दिसतं. अशा वेळी घाबरून पुन्हा सुरुवात करू नका. बिनमध्ये क्लिपा निवडून ‘रीलिंक’ करा आणि नवं फोल्डर दाखवा. तिसरं म्हणजे मशीन. १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर आयफोनची ४के क्लिप अडखळत चालते. सगळ्या क्लिपा निवडून प्रॉक्सी, म्हणजे त्यांच्या हलक्या नकला, बनवायला लावा आणि तेवढ्या वेळात दुसरं काम करा. लिनक्सवरची फुकट आवृत्ती तर एच.२६४, म्हणजे फोनच्या क्लिपांचा नेहमीचा प्रकार, उघडतच नाही. लिनक्स वापरणाऱ्यांनी थेट पुढे वाचावं.

शॉटकट: साध्या लॅपटॉपवर, फुकट

जुना लॅपटॉप असेल तर शॉटकट घ्या. त्याची ‘प्लेलिस्ट’ म्हणजे क्लिपांची खिडकी. फोल्डर ओढून त्यात टाका, नावानुसार लावा, चौकोनांचं दृश्य निवडा. पण थंबनेलवर, म्हणजे क्लिपेच्या छोट्या चित्रावर, माउस फिरवून आतलं दिसत नाही. बघायला प्रत्येक क्लिपवर डबल-क्लिक करावं लागतं. एका उघडण्याला चार सेकंद धरले तर १२० क्लिपांना आठ मिनिटं नुसत्या उघडण्यात जातात. एका रीलसाठी ते चालून जातं, दर आठवड्याला हेच काम असेल तर अंगावर येतं. त्यापुढचं मात्र झटपट आहे. ‘आय’, ‘ओ’ आणि ‘ए’ दाबलं की तुकडा टाइमलाइनच्या शेवटी. ‘एस’ने तुकडा दोन होतो, ‘एक्स’ने तो निघतो आणि जागाही मिटते, ‘झेड’ने निघतो पण जागा रिकामी राहते. ‘एक्स’ आणि ‘झेड’मधला हा फरक पहिल्याच दिवशी पाठ करा.

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा ‘ऑटोमॅटिक’ व्हिडिओ मोडमुळे होतो. प्रोजेक्टचं रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट पहिल्या क्लिपवरून ठरतात. ती पहिली क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली, दाबलेली असेल तर बाकी सगळं चांगलं फुटेज त्याच मापात कोंबलं जातं आणि एक्स्पोर्ट धूसर येतो. सुरुवातीलाच मोड हाताने निवडा. दुसरी चूक ‘रिपल’ची, म्हणजे तुकडा काढल्यावर त्याची जागा मिटण्याची. टाइमलाइनच्या वरच्या ट्रॅकवर (थरावर) नावं लावून झाल्यावर खालच्या ट्रॅकवरचा तुकडा काढला आणि ‘सगळ्या ट्रॅकना रिपल’ चालू नसेल, तर नावं आपल्या जागी राहतात, पुढचं चित्र अलीकडे सरकतं आणि पहिलीच्या मुलांवर चौथीचं नाव येतं. म्हणून आधी चित्र पक्कं करा, मग नावं लावा.

शॉटकट आवडलं पण क्लिपा बघणं जड वाटलं तर केडेनलाइव्ह बघा. तेही फुकट, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि त्यात क्लिपांना तारे व रंग देऊन गाळता येतं.

फायनल कट प्रो: बघण्यात सर्वांत सरस

मॅक असेल आणि पैसे खर्चायची तयारी असेल तर या एका कामासाठी फायनल कटला तोड नाही. थंबनेलच्या पट्टीवरून माउस नुसता फिरवला, क्लिक न करता, तरी चित्र आणि आवाज दोन्ही पळतात. आवडलेला भाग निवडून ‘एफ’ दाबा, त्यावर हिरवी रेघ येते. नको असलेल्यावर डिलीट दाबा, लाल रेघ येते. क्लिप डिस्कवरून जात नाही, फक्त नाकारली जाते. खूण पूर्ण क्लिपवर नसून तिच्यातल्या तेवढ्याच सेकंदांवर बसते, हे महत्त्वाचं. चाळीस सेकंदांच्या नाचातली दोन वेगवेगळी तीन-तीन सेकंदं आवडती ठरवता येतात. सगळं बघून झालं की फक्त आवडत्या दाखवा म्हणायचं, सगळ्या निवडायच्या आणि ‘ई’ दाबायचं. पहिला कच्चा कट तयार.

यात क्लिप ‘हरवली’ असं वाटलं तर वरचा गाळणीचा पर्याय बघा. नाकारलेल्या लपवल्या जात असतील, ‘सगळ्या क्लिपा’ निवडल्या की परत दिसतात. आणि आत घेताना ‘लायब्ररीत कॉपी करा’ निवडलं तर तेच फुटेज दोनदा जागा खातं. आयफोनचं ४के, ३० फ्रेमचं फुटेज मिनिटाला १७० एमबीच्या आसपास जातं, म्हणजे आपली २४ मिनिटं चार जीबी, कॉपीसकट आठ.

लॉसलेसकट: फक्त छाटणीसाठी

हे एडिटर नाही, छाटणीचं अवजार आहे. ‘आय’, ‘ओ’, ‘ई’ एवढ्यावर चालतं, व्हिडिओ पुन्हा एन्कोड करत नाही (नव्याने दाबून बनवत नाही), म्हणून काही सेकंदांत फाइल तयार होते आणि दर्जा जसाच्या तसा राहतो. पण म्हणूनच सुरुवातीचा कट नेमक्या फ्रेमवर पडत नाही, तो मागच्या कीफ्रेमवर, म्हणजे फाइलमध्ये पूर्ण साठवलेल्या चित्रावर, सरकतो. फोनच्या क्लिपेत हा फरक साधारण सेकंदाच्या आत असतो, इतर फाइलींत तो कित्येक सेकंदांचा होऊ शकतो. टाळी वाजते त्याच क्षणी कट हवा असेल तर हे उपयोगाचं नाही. वीस मिनिटांच्या भाषणातून तीन मिनिटं काढून पाठवायची असतील तर याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

फोनवर: काइनमास्टर, व्हीएन, इनशॉट

वीस क्लिपांपर्यंत फोन पुरतो. त्यापुढे अडचण बोटाची आहे. सात सेंटिमीटर रुंद पडद्यावर टाइमलाइनचे दहा सेकंद दिसत असतील तर एक सेकंद सात मिलिमीटरचा. बोटाचं टोक त्याहून रुंद असतं, म्हणजे कट जिथे मारायचा ते तीसही फ्रेम बोटाखाली झाकले जातात. चिमटा उघडून टाइमलाइन ताणा, हात उचला आणि ‘प्लेहेडवर तोडा’ (उभ्या रेघेपाशी तोडा) हेच बटण वापरा. कडा धरून ओढू नका. गॅलरीतून निवडताना बोट ज्या क्रमाने लागेल त्या क्रमाने क्लिपा टाइमलाइनवर येतात. ऐंशी क्लिपांचा क्रम नंतर हाताने बदलणं नकोसं होतं, म्हणून आधी गॅलरीतच वेगळा अल्बम करून नको त्या वगळा. लेयर चढवायचे तर काइनमास्टर, पण फुकटात त्याचा वॉटरमार्क राहतो. वॉटरमार्क नको आणि साधा कट हवा तर व्हीएन. एकाच ट्रॅकवर गाणं लावून मोकळं व्हायचं तर इनशॉट.

आवाज सरकतो तेव्हा

कमी उजेडात फोन फ्रेम रेट स्वतःहून खालीवर करतो. अशा क्लिपेत आवाज आणि ओठ हळूहळू वेगळे होतात. शॉटकट अशी क्लिप ओळखून ती एडिटयोग्य करून द्यायचं विचारतं. पण सगळ्या १२० क्लिपा रूपांतरित करत बसू नका. तीन सेकंदांच्या तुकड्यात हे सरकणं जाणवत नाही. गाणं सलग चालतंय आणि चार मिनिटांची क्लिप त्यावर बसवायची आहे, तेवढ्याच फाइली हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ने काढा.

मराठी नावं

कुठलंही सॉफ्टवेअर कायमचं धरण्याआधी त्याच्या टायटलमध्ये ‘कार्यकर्त्यांच्या’, ‘प्रशस्तिपत्र’ आणि ‘ज्ञानेश्वर’ टाइप करून बघा. रफार चुकीच्या अक्षरावर गेला किंवा पाय मोडका दिसला तर त्याच सॉफ्टवेअरमधला टायटलचा दुसरा प्रकार वापरून बघा. शॉटकटचा साधा मजकूर फिल्टर आणि केडेनलाइव्हचं टायटल जोडाक्षरं नीट जोडतात. प्रीमियर वापरत असाल तर ग्राफिक्सच्या पसंतीत दक्षिण आशियाई मजकुराचं इंजिन निवडावं लागतं. श्रीलिपीत टाइप केलेली जुनी यादी युनिकोड फॉन्टमध्ये चिकटवली तर निरर्थक चिन्हं येतात, ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि उभ्या रीलमध्ये मुलांची नावं पडद्याच्या खालच्या पाचव्या भागात ठेवू नका, तिथे अ‍ॅपचा स्वतःचा मजकूर आणि बटणं येतात.